मानसशास्त्र शिकलेल्या मुलांनी बसायचे कुठे?

गेल्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळची ओ.पी.डी. संपत आली होती. माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, रक्तदाब तपासायला आले. एरवी त्यांचा रक्तदाब एका गोळीवर शहाण्यासारखा वागतो. त्या दिवशी १६८ वर १०० भरला. "गुरुजी, लोणचं जास्त झालं का?" असे विचारले तर म्हणाले, "लोणचं नाही डॉक्टर, काळजी जास्त झालीय," आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला त्यांनी आत बोलावले.

मुलगी मानसशास्त्र घेऊन एम.ए. झालेली. प्रथम वर्ग, वय तेवीस. निकाल लागून वर्ष झाले, घरीच आहे. "बी.एड. कर म्हटलं तर नको म्हणते. स्थळं बघू म्हटलं तर थांबा म्हणते. नोकरीच करायची म्हणते, पण या विषयाची नोकरी असते कुठं, ते तुम्हीच सांगा तिला."

मुलीच्या हातात जाड फाइल होती. तीत नऊ प्रमाणपत्रे. सगळी फोनवरून घरबसल्या केलेल्या 'इंटर्नशिप'ची. कुठली सात दिवसांची, कुठली एक महिन्याची. सोनेरी कडा, कोपऱ्यात शिक्का, खाली न वाचता येणारी सही. प्रत्येकासाठी पैसे भरलेले. मी बेरीज विचारली तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "सतरा हजार, सर." गुरुजींना हा आकडा तिथेच पहिल्यांदा कळला. मी रक्तदाब पुन्हा मोजला नाही.

"या सगळ्यात तू किती माणसांसमोर बसलीस?" मी विचारले.

"समोर कुणी नव्हतं सर. केस स्टडी यायच्या, पीडीएफमध्ये. त्या वाचून उत्तरं लिहून पाठवायची."

वाचकहो, खरे सांगायचे तर त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. हीच मुलगी फार्मसी झालेली असती तर मी एका फोनवर तिची सोय लावली असती. नर्सिंग झालेली असती तर दोन रुग्णालयांनी तिला आपणहून बोलावले असते. तीस वर्षे या गावात प्रॅक्टिस करतो, पण मानसशास्त्र म्हटल्यावर माझी डायरी कोरी. मी तिला सांगितले, "तीन आठवडे दे. मी चौकशी करतो." ती चौकशी आणि नंतर जे घडले ते आज सदरात मांडतो आहे. बारावीनंतर किंवा बी.ए.ला हा विषय घेतलेली मुले आता घरोघरी आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना हाच प्रश्न पडलेला आहे.

आधी एक घोळ दूर करू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हा आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर असतो, मग त्या विषयात पुढचे शिक्षण घेतो, आणि तो औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ म्हणजे सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नव्हे. तो औषध देत नाही. बोलून, चाचण्या घेऊन, सवयी आणि विचार बदलायला मदत करून काम करतो. त्यातही 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी कुणीही लावायची नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. १९९२ चा कायदाच तसा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणावे हे सांगताना दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाची आणि देखरेखीखाली केलेल्या प्रत्यक्ष कामाची अट आहे. 'देखरेखीखाली' या शब्दाकडे मी पुन्हा येणार आहे.

इतकी वर्षे एम.ए.नंतर दोन वर्षांचे एम.फिल. हा त्या नोंदणीचा रस्ता होता. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा अवघड. नवीन शैक्षणिक धोरणामुळे आता या अभ्यासक्रमांची नावे आणि रचना बदलत आहेत. म्हणून कुठेही फी भरण्याआधी तो अभ्यासक्रम आणि ती संस्था परिषदेच्या मान्य यादीत आहे का, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. एजंटाच्या तोंडून ऐकू नये. दुसरी गोष्ट, २०२१ च्या एका केंद्रीय कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांनाही आरोग्यसेवेतील व्यावसायिकांत धरले आहे. त्याला धरूनच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने देणे बंद केले. नोकरी सांभाळून घरून एम.ए. करणाऱ्या आपल्याकडच्या अनेकींची त्यामुळे अडचण झाली, हे खरे. पण माणसाशी बोलण्याचे शास्त्र माणूस न बघता शिकता येत नाही, या बाबतीत मी आयोगाच्या बाजूचा आहे.

आता नोकऱ्यांचे. मुलांच्या डोळ्यांपुढे पुण्यामुंबईतले चकचकीत क्लिनिक असते, काचेचे दार आणि आत दोन खुर्च्या. चौकशीत मला दिसले ते असे की सुरुवातीची कामे आपल्याच जिल्ह्यात आहेत, फक्त ती रंग उडालेल्या भिंतींच्या खोल्यांत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, परिचारिका अशी पदे असतात. शासकीय रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असते, तिथे समुपदेशक लागतो. संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी २०१५ पासून आलेल्या 'सखी' केंद्रांत लागतो. व्यसनमुक्ती केंद्रांत, विशेष मुलांच्या शाळांत लागतो. 'टेलिमानस' ही केंद्र शासनाची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा नंबर १४४१६, फोन फुकट. तिथे फोन उचलणारा पहिला माणूस समुपदेशकच असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी मनोरुग्णालये आहेतच.

यांतली बहुतेक पदे कंत्राटी, अकरा महिन्यांची. पगार असा की शेजाऱ्यांना सांगताना आवाज आपोआप बारीक व्हावा. तरीही मी म्हणेन, पहिली दोन वर्षे तिथेच काढावीत. का, ते सांगतो.

एच.आय.व्ही. तपासणीचे जे केंद्र असते, आय.सी.टी.सी. म्हणतात त्याला, तिथे काम करणाऱ्या एका समुपदेशक बाईंना मी मुद्दाम भेटलो. खोली औषध भांडाराशेजारी, पंखा खडखडणारा. तपासणीआधी माणसाशी बोलायचे, निकाल आल्यावर पुन्हा बोलायचे, हे त्यांचे काम. नव्याने लग्न झालेली गरोदर मुलगी समोर बसलेली असते आणि हातातल्या कागदावर लिहिलेले तिला सांगायचे असते. नवऱ्याला कसे सांगायचे, सासूला सांगायचे की नाही, बाळाचे काय, हे सगळे त्या अर्ध्या तासात येते. बाई म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात मी निकाल सांगायच्या आधीच रडले होते. शेजारी जुन्या मॅडम होत्या म्हणून निभावलं." एम.ए.च्या दोन वर्षांत त्यांनी पाहिली नव्हती इतकी माणसे त्यांनी इथे तीन महिन्यांत पाहिली. आज त्या नव्यांना शिकवतात.

आमच्या एम.बी.बी.एस.ला वर्षभराची इंटर्नशिप असायची, अजूनही असते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो तेव्हा शीर सापडेना म्हणून घामाघूम झालो होतो. तिथल्या सिस्टरने काही न बोलता माझा हात धरून सुई दोन रेघा डावीकडे सरकवली. तो दोन रेघांचा धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता. आणि त्या वर्षाचे आम्हाला विद्यावेतन मिळत होते, तुटपुंजे का होईना. चुकलो तर पकडणारे कुणीतरी बाजूला होते. मानसशास्त्राच्या मुलांना मात्र पदवी देऊन आपण दारात उभे करतो आणि वर इंटर्नशिपचे पैसे त्यांच्याकडूनच घेतो. हा उलटा व्यवहार आहे. विद्यार्थ्याकडून पैसे घेऊन काम शिकवल्याचा कागद देणे हा मला धंदा वाटतो आणि पैसे न देता वर्षभर राबवून घेणे हाही धंदाच.

मग होते काय, की मुले थकतात, महिनाभराचा डिप्लोमा करतात आणि 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावून एकटीच बसतात. माझ्याकडच्या एक बाई अशाच एका ठिकाणी तीन महिने जात होत्या. सतत झोप, वजन वाढलेले, कशातच मन नाही. सकारात्मक विचारांच्या वह्या लिहून झाल्या होत्या. रक्त तपासले तर थायरॉइड पार मंदावलेले. पाटी लावणाऱ्याची नियत वाईट नव्हती. आधी डॉक्टरला दाखवून या, असे सांगायला त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना माझी बाजूही सांगायला हवी. मानसोपचार विभागात आमच्या काळी विद्यार्थ्यांचे जेमतेम पंधरा दिवस जायचे. त्यामुळे 'अंगात ताकद नाही' म्हणणाऱ्याला बी-१२ चे इंजेक्शन आणि 'जेवण जात नाही' म्हणणाऱ्याला आम्लपित्ताची गोळी, हे आम्हा जनरल प्रॅक्टिशनरांचे ठरलेले. चाळीस रुग्ण बाहेर बसलेले असताना एकाला "झोप कशी आहे?" विचारले की वीस मिनिटे गेली, ही भीतीही असते. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले की, आजाराच्या प्रकारानुसार, मानसिक आजार असलेल्या शंभरांपैकी ७० ते ९२ जण योग्य उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. त्यांतले बरेच आमच्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन परत गेलेले असणार.

म्हणून जुलैमध्ये मी गुरुजींच्या मुलीला माझ्याच दवाखान्यात बसवले. आठवड्यातून तीन दिवस, चार ते सात. महिना पाच हजार रुपये. माझ्या कंपाउंडरला याहून जास्त मिळतात, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तिने उपचार करायचे नाहीत, सल्ला द्यायचा नाही. मी ज्याला पाठवीन आणि जो 'हो' म्हणेल त्याच्याशी शेजारच्या खोलीत बोलायचे, झोप, भूक, दारू, घरचा ताण यांची माहिती घ्यायची आणि मला येऊन सांगायचे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. त्यांना विनंती केली, त्या दर शनिवारी तासभर फोनवर तिचे काम तपासतात.

पहिले दोन आठवडे फजितीचे. ती पुस्तकातली प्रश्नावली वाचायची, "गेल्या दोन आठवड्यांत आपणांस निरुत्साही वाटले का?" आणि समोरची आजी म्हणायची, "नाही बाई, तसलं काही नाही." मी तिला म्हटले, ती प्रश्नावली जवळ ठेव, पण आधी आपल्या माणसांची भाषा लिहून काढ. तिने वही केली. डोकं गच्च होतं. जीव रमत नाही. काळजात कालवाकालव होते. अंगाची आग होते. हातापायांतलं बळ गेलं. कशातच राम वाटत नाही. कुणी केल्यासारखं वाटतं. महिन्याभरात वहीची अकरा पाने भरली. उदास आहे असे आपला माणूस सहसा म्हणत नाही, तो कंबर दुखते म्हणतो. ही वही मला तिच्या नऊ प्रमाणपत्रांहून मोलाची वाटते, आणि मुलाखतीला जाताना तिने तीच बरोबर न्यावी असे मी तिला सांगितले आहे.

दुसरी अडचण गावाची. तिच्याच आळीतल्या एका बाईंनी सरळ सांगितले, "गुरुजींच्या पोरीपुढं मी घरचं बोलणार नाही." बरोबरच आहे त्यांचे. अशा वेळी मी बोलतो. तिसरी अडचण माझी होती. शेजारच्या खोलीला नुसता पडदा होता. आता दार बसवले आहे.

आता ऑगस्टमधला एक दिवस. पंचेचाळिशीचे एक शेतकरी, वर्षभर माझ्याकडे पित्तासाठी आणि पाठदुखीसाठी येत होते. एंडोस्कोपी झाली होती, एक्स-रे झाला होता. मी गोळ्या बदलत होतो. त्या दिवशी गर्दी होती म्हणून त्यांना तिच्याकडे पाठवले. पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. चेहरा पांढरा, पण आवाज सरळ. म्हणाली, "सर, ते पहाटे तीनपासून जागे असतात. जगावंसं वाटत नाही म्हणाले. मी विचारलं, मरायचा विचार येतो का, तर म्हणाले, येतो, आणि ठरवलंसुद्धा होतं. तुम्ही आत्ता आत या. मी त्यांना एकटं सोडून आले आहे, दाराशी कंपाउंडरकाका उभे आहेत."

वर्षभरात हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात घुसतो, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. विचारल्याने विचार वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मी आत जाऊन बसलो. त्यांच्या भावाला बोलावले. मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला आणि त्याच संध्याकाळी भाऊ त्यांना घेऊन गेला. आज त्यांचे औषध सुरू आहे, झोप लागते, पाठ अजून थोडी दुखते. कर्ज आहे तेवढेच आहे. पण ते येतात, आणि आले की आधी शेजारच्या खोलीत डोकावतात.

यातली एक गोष्ट मी विसरलो होतो. मुलगी तीन रात्री झोपली नाही. चौथ्या दिवशी गुरुजींनीच फोन केला. शनिवारची वाट न बघता त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंनी तिच्याशी दीड तास बोलणे केले. देखरेखीचा हा अर्थ तोवर मला ठाऊक नव्हता. मला वाटत होते, देखरेख म्हणजे चुका काढणे. ही मुलगी कुठल्या तरी पाटीखाली एकटी बसलेली असती आणि तेच शेतकरी तिच्यापुढे असते, तर तिने कुणाला हाक मारली असती?

म्हणून माझे म्हणणे असे. मुलांनी कुठेही अर्ज करताना तीन प्रश्न विचारावेत. मी प्रत्यक्ष किती माणसांना भेटणार? माझ्या शेजारी कोण असणार? आणि मी अडले तर कुणाला फोन करायचा? यांची उत्तरे मिळत नसतील तर तिथे एक रुपयाही भरू नये. मराठीत एका पानाचा साधा अर्ज लिहावा आणि तो घेऊन जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात, व्यसनमुक्ती केंद्रात, विशेष शाळेत स्वतः जावे. पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून आहे आणि तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली आहेत. अशा ठिकाणी पदवीपेक्षा तुम्ही ऐकून किती घेता हे पाहतात. बुद्धिमापन चाचण्या नीट शिकाव्यात. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले, मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी चाचणी तयार केली, आणि या दोन्ही अजून वापरात आहेत. मात्र दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या अहवालावर कोणाची सही चालते याचे नियम आहेत. ते मोडून सही करू नये, कुणी कितीही गळ घातली तरी.

शाळा-कॉलेजांच्या संस्थाचालकांनाही एक सांगणे आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. पी.टी.च्या सरांच्या नावापुढे 'समुपदेशक' लिहून फाइल पुरी करू नये. आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, आपल्यापैकी दहा जणांनी एकेका मुलीला किंवा मुलाला तीन संध्याकाळी बसवले, तर महिन्याला पाच हजार म्हणजे औषध कंपनीच्या एका जेवणाइतकाही आपल्याला जड जाणारा खर्च नाही. खोलीला दार मात्र बसवून घ्या.

परवा गुरुजी येऊन गेले. रक्तदाब १३८ वर ८६. जाता जाता म्हणालेच, "ते सगळं ठीक आहे डॉक्टर, पण पर्मनंट कधी होणार ही?" याचे उत्तर माझ्याकडे नाही. येत्या मंगळवारी जिल्ह्याला समुपदेशक पदाची मुलाखत आहे, अकरा महिन्यांचीच. ती त्या दिवशी दवाखान्यात नसेल. शेतकरीदादांची तपासणीची तारीखही मंगळवारचीच होती. त्यांना तसे कळवले तर म्हणाले, "मग मी बुधवारी येतो. तिचं काय झालं तेबी कळंल."